शेजारणीचं दुखणं

शिकागो
१२ सप्टेंबर २००६

प्रिय शुभामावशी,

मी नेत्रा. गणपतीत नेपरव्हिलच्या शाळेच्या हॉलमध्ये आपण शेजारी उभ्या राहून मोदकांची ताटं पुसली होती. त्याआधी तुम्ही स्टेजवर अमरावतीच्या पोस्टाच्या काउंटरवर येणारी माणसं करून दाखवलीत. ती मनिऑर्डरवाली म्हातारी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. निघताना तुम्ही म्हणालात, "फोन नको करू बाई, यतीनकडे फोन हॉलमध्ये आहे, सगळं घर ऐकतं. पत्र लिही. जन्मभर दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारले, मला मेलं कुणी लिहीत नाही." म्हणून लिहिते आहे.

एक काम आहे. मी इथल्या एका वैद्यकीय विद्यापीठात भाषा शिकवते. सकाळी पहिल्या वर्षाच्या मुलांना लॅटिन आणि ग्रीक शिकवते, म्हणजे त्या भाषांतून आलेली अवयवांची आणि आजारांची नावं. दुपारी हिंदी, दवाखान्यात लागेल तेवढं. आमच्या विभागात स्पॅनिश आहे, पोलिश आहे. यंदा हिंदीच्या वर्गात तीन-चार मुलं मराठी घरांतली निघाली, तेव्हा त्यांची तोंडी परीक्षा मराठीत घेऊ द्या म्हणून मी वरिष्ठांशी भांडून परवानगी मिळवली. मुलं मराठी कळतं म्हणतात, पण घरी आईला उत्तर इंग्रजीतूनच देतात.

या परीक्षेत खोटा पेशंट बसवतात. तो कागदावर लिहिलेलं दुखणं सांगतो आणि विद्यार्थी त्याला प्रश्न विचारतो. मला मराठी पेशंट हवा आहे आणि तुमच्यासारखी नटी मला दुसरी कुठे मिळणार?

इथल्या मराठी मंडळातले लोक मला 'डॉक्टर' म्हणतात. मी डॉक्टर नाही. कऱ्हाडला माझे बाबा सायकली दुरुस्त करतात, आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली. पण बाबाही गिऱ्हाइकांना सांगतात, "पोरगी अमेरिकेत डाक्टरांना शिकवती." मी दर वेळी ओशाळते. तरी वाटतं की लॅटिन डॉक्टरांसाठी असलं तरी पेशंट आपल्या भाषेतच रडतो, आणि ते कुणीतरी ऐकायला शिकवलं पाहिजे. तेवढ्यासाठी मी इथे आहे.

याल ना?

तुमची,
नेत्रा

•

नेपरव्हिल
१६ सप्टेंबर

नेत्रा,

रबरी शिक्का उमटावा तसा तुझ्या डोक्यावर ठसठशीत आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. इथे घरापुढच्या पेटीला लाल झेंडी असते. ती उभी केली की पोस्टमन आपलं पत्र घेऊनही जातो. आमच्या पोस्टात हे सुरू केलं असतं तर एकनाथ पोस्टमननं राजीनामाच दिला असता.

येते मी. यतीन आणि हिमानी सकाळच्या ट्रेननं शहरात जातात, मग दिवसभर मी आणि तो भांडी धुणारा डबा. यतीन म्हणाला, "आई, मी हाफ डे घेतो, तुला ड्रॉप करतो. तू एंजॉय कर." हिमानी म्हणाली, "आई, सो कूल यार!" सून सासूला यार म्हणते. मी काही बोलत नाही, पोर गोड आहे.

एक विचारते. दुखणं कुठलं ते तूच ठरवणार का? पेशंटनं आपल्या मनानं सांगितलं तर चालत नाही? काउंटरवर लिहिता न येणाऱ्या बाया यायच्या. माहेरी पत्र लिहून द्या म्हणायच्या. मग हळूच, "वहिनीला हेपण लिहा, माझ्या शेजारणीला असं असं होतंय, तिनं काय करावं." अमरावतीत शेजारणींची दुखणी फार. ते सोंग मला चांगलं जमेल.

शुभामावशी

•

शिकागो
२१ सप्टेंबर

प्रिय मावशी,

तुम्ही येणार म्हणून मी वर्गात नाचायचीच बाकी होते. पण दुखणं मनानं नाही हो ठरवता येणार. सगळ्या मुलांना सारखाच पेशंट मिळायला हवा, नाहीतर मार्कांत अन्याय होतो. कागद सोबत पाठवते आहे. तुमचं दुखणं आहे गुडघ्याचं. जिना उतरताना कळ येते, सकाळी पाय आखडतो, एवढंच. मूल प्रश्न विचारेल तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. कागदाबाहेरचं काही बोलायचं नाही.

एक गंमत सांगते. गुडघ्याच्या हाडाला डॉक्टर 'पटेला' म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ छोटी ताटली. आणि आपण काय म्हणतो? गुडघ्याची वाटी! हे पुण्यात फादरांकडे लॅटिन शिकताना पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रस्त्यात एकटीच हसत गेले होते.

परीक्षेच्या खोलीत एका भिंतीला आरसा आहे. मी त्याच्यापलीकडे कानाला हेडफोन लावून बसलेली असेन. तुम्हाला मी दिसणार नाही, पण मला सगळं दिसेल आणि ऐकू येईल. तेव्हा घाबरू नका.

नेत्रा

•

शिकागो
९ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

शुक्रवारपासून लिहीन लिहीन म्हणते आहे. तुम्ही कमाल केलीत! पहिल्या तिन्ही मुलांसमोर तुम्ही असा काही गुडघा धरलात की संग्राम बिचारा उठून तुम्हाला खुर्ची द्यायला लागला, तुम्ही खुर्चीवरच बसला होतात तरी.

पण रुहीच्या वेळी तुम्ही खट्याळपणा केलात हं. मी पलीकडे कागद हातात धरून बघतच राहिले. तुम्ही म्हणालात, "गुडघ्याचं जाऊ दे पोरी. पाळी जाऊन वर्षं लोटली, आणि या उन्हाळ्यापासून पुन्हा कपड्याला डाग दिसतोय. कुणाला सांगायची सोय नाही. पोराला कसं सांगू?" आवाज असा खाली नेलात की मला हेडफोन दाबून धरावे लागले. अंगावर काटा आला. हीच ती तुमची शेजारीण ना?

रुही इथेच जन्मलेली, तिचं मराठी चारही मुलांत सर्वांत मोडकं. ती गोंधळली. "मावशी, ब्लड? किती? रोज?" असं विचारत सुटली, गुडघा विसरूनच गेली. शेवटी तर, "मावशी, हे प्ले आहे की तुमचं आहे?" असं विचारलं. तुम्ही छान हसून सावरून घेतलंत, "नाटकच आहे की ग." तेवढ्यात घंटा झाली.

मला तिचे मार्क कापावे लागले. कागदावरचा एकही प्रश्न पूर्ण झाला नाही, आणि 'रक्त' हा शब्द दोनदा शिकवूनही तिनं 'ब्लड' म्हटलं. मग ती माझ्या खोलीत भांडायला आली. "शी वॉजन्ट ॲक्टिंग, नेत्रा. कुणीतरी त्यांना कॉल करायला पाहिजे." मी म्हटलं, अगं, चांगला अभिनय असाच असतो. तुम्हाला यातच पावती मिळाली म्हणायची.

आज वर्गात मी तुमची ती वाक्यं म्हणून दाखवली, पेशंट मूळ दुखणं कसं आडून आडून सांगतो याचं उदाहरण म्हणून. तुमच्यासारखा आवाज काढायचा प्रयत्न केला, पदर सावरायची नक्कलसुद्धा. सगळे खूप हसले. रुही तेवढी खिडकीबाहेर बघत बसली. मार्कांचा राग असेल.

मनापासून आभार. तुम्हाला, यतीनदादांना आणि हिमानीला दिवाळीच्या शुभेच्छा.

नेत्रा

•

नेपरव्हिल
३० ऑक्टोबर

नेत्रा,

दिवाळी झाली. हिमानीनं विकतच्या करंज्या आणल्या, बऱ्या होत्या.

माझी नक्कल कशी केलीस ते एकदा मलाही करून दाखव.

रुहीचे मार्क कापू नकोस. कागद मी सोडला, तिनं नाही.

एक विचारायचं राहिलं. ती नाटकातली बाई. तिचं पुढे काय झालं असतं ग? तू वैद्यकीच्या शाळेत शिकवतेस, तुझ्या कानावर येत असेल. अशा बायकांचं काय होतं, तिनं काय करायला हवं, कुणाकडे जायला हवं? सहज विचारते. काही घाई नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी परत चालले.

शुभा

•

शिकागो
७ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

तुम्हाला अजून त्या भूमिकेची काळजी आहे हे वाचून फार कौतुक वाटलं. खरा कलावंत असाच असतो.

पुढचं सांगायला मी डॉक्टर नाही, पण शब्द सांगू शकते. याला 'मेट्रोरेजिया' म्हणतात. 'मेट्रा' म्हणजे ग्रीकमध्ये गर्भाशय, आणि पुढचा भाग 'फुटून वाहणं' या अर्थाच्या धातूवरून आला आहे. बांध फुटावा तसं. किती चित्र आहे ना या शब्दात? ग्रीकांनी काही झाकून ठेवलं नाही, म्हणून मला त्यांच्या भाषेचा हेवा वाटतो. उपचारांचं कुणा डॉक्टरांना विचारून कळवीन कधीतरी.

रुहीचे मार्क मात्र बदलता येणार नाहीत, रागावू नका. आमच्या घरात वशिला लावायला कुणी नव्हतं. शिष्यवृत्तीच्या वेळी माझं नाव दोनदा मागे सरकलेलं मी पाहिलंय. तेव्हाच ठरवलं होतं की माझ्या हातात मार्क आले की नियम म्हणजे नियम.

पुढच्या वर्षी तुमच्या त्या बाईला मी रीतसर कागदात घालणार आहे. तिला काय नाव देऊ, सुचवा ना!

नेत्रा

•

शिकागो
२९ जानेवारी २००७

मावशी,

माझ्या मागच्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही. मला वाटलं, निघायच्या घाईत राहिलं असेल. मला काहीही वाटू शकतं, हे आता कळलंय.

काल प्रतिमाकाकूंकडे हळदीकुंकू होतं. बाहेर बर्फ, आत पायमोज्यांवर जोडवी घातलेल्या बायका. हिमानी उशिरा आली, काळी साडी तशीच चुरगळलेली. म्हणाली, "आईंचं ऑपरेशन झालं नागपूरला. यूटरसचा कॅन्सर. यतीन लगेच इंडियाला गेलाय. आणि यू नो, सहा महिने इथे होत्या, आम्हाला काही म्हणजे काही बोलल्या नाहीत. कुणालाच नाही सांगितलं यार, कुणालाच नाही."

मी तिळगूळ हातात धरून उभी होते. 'मला सांगितलं होतं' हे शब्द माझ्या तोंडात होते, मावशी. मी ते बोलले नाही. प्रतिमाकाकू म्हणाल्या, "नेत्रा, तू तर मेडिकलची, तू सांग ना, बऱ्या होतील ना?" मी म्हटलं, "होतील." आणि कोट घालून बाहेर आले. मोजे तिथेच ओले झाले, कारण बूट घालायचे विसरले होते.

मी त्या काचेमागे होते. तुमचा शब्द न् शब्द माझ्या कानात आला होता, आणि मी 'ब्लड' या शब्दाला अर्धा मार्क कापत होते. मुलांना पहिल्या दिवशी मी फळ्यावर लिहून देते, पेशंटचं ऐका. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे वहीत उतरवून घेतात.

आज सकाळी रुहीला बोलावून घेतलं. ती बसली नाही, दारातच उभी राहिली. मी सांगितल्यावर म्हणाली, "आय नो. मी त्यांना कॉल केला होता, नोव्हेंबरमध्ये. मंडळाच्या डिरेक्टरीत नंबर होता." मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "सांगितलं होतं."

मी मार्क दुरुस्त करते म्हटलं. "इट्स नॉट अबाउट द ग्रेड," म्हणाली आणि गेली.

दुपारी वर्गात सांगितलं. ज्या बाईची मी नक्कल केली आणि तुम्ही हसलात, ती नाटक करत नव्हती, आणि ते मला कळायला हवं होतं. संग्रामनं विचारलं, "पण आम्हाला कसं कळणार?" मी म्हटलं, रुहीला कळलं. त्यानंतर शिकवणं झालं नाही.

तुम्ही ऑक्टोबरात विचारलं होतंत, त्या बाईनं काय करायला हवं. मी तुम्हाला ग्रीक धातू सांगितला. ते पत्र माझ्या हातचं आहे आणि आता तुमच्याकडे आहे, ते परत घेता येत नाही. रविवारी बाबांचा फोन येतो. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणतात तुझे डाक्टर?" मी लाइन खराब आहे म्हणून फोन ठेवला. मी शिकले कशाला, असं पहिल्यांदाच वाटतंय. न शिकलेल्या कुठल्याही बाईला हे कळलं असतं. माझ्या आईला कळलं असतं. मला क्षमा मागायचा अधिकार आहे की नाही हेही मला ठरवता येत नाही. तोंड कसं दाखवू कळत नाही, म्हणून निदान पत्र.

नेत्रा

•

नागपूर
१७ फेब्रुवारी

नेत्रा,

अक्षर वाकडं आलं तर चालवून घे, पलंगावर बसून लिहिते आहे. इथे श्रीरंग, माझा भाऊ, त्याच्याकडे राहते. रोज रिक्षानं शेक घ्यायला जावं लागतं. विजेचा शेक, गरम लागत नाही, पण दुपारी शीण येतो. यतीन कालच परत गेला.

तुला लपवून काय करू. माझा तुझ्यावर राग होता. अजून आहे. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिवाळीच्या आधी आला असतात तर नुसत्या ऑपरेशनवर भागलं असतं. ते ऐकलं तेव्हा मला तो आरसा आठवला. मी रुहीकडे बघून बोलत होते, पण सांगत तुला होते. तू पलीकडे आहेस हे ठाऊक होतं म्हणून तर बोलले. आरशात मात्र मला माझंच तोंड दिसत होतं.

काउंटरवर बाया शेजारणीचं दुखणं सांगायच्या. ती शेजारीण कोण, हे मी एकीलाही विचारलं नाही. विचारायचं नसतं. बाई लाजून पुन्हा येत नाही. मी पेन खाली ठेवायची आणि म्हणायची, "तुझ्या शेजारणीला सांग, उद्या सकाळी इर्विन दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे जा म्हणावं, सोबत कुणी नसेल तर माझं नाव सांग." बस. तिला कळायचं, मला कळायचं. मी तुला त्याच रीतीनं विचारलं, नाटकातल्या बाईनं काय करावं? मला वाटलं होतं, आपल्या गावाकडची पोर आहे, शेजारणीला निरोप देईल. तू नाव काय ठेवू विचारलंस.

रुहीला ही रीत ठाऊक नाही. तिनं फोन केला तो हिमानीच्या आधी मीच उचलला. म्हणाली, "मावशी, मी रुही. नाटक नाही ना? डॉक्टरकडे जा. प्लीज जा. तुम्ही जाता का?" दोन-दोनदा तेच. मी खोटं बोलले, जाऊन आले म्हटलं. तरी तिनं सोडलं नाही. म्हणाली, "इंडियात परत जा, परत दाखवा. प्रॉमिस?" अमेरिकेत यतीनला सांगायची लाज आणि खर्चाची धास्ती. अमरावतीला उतरल्यावर तिच्या त्या प्रॉमिसची लाज वाटली, म्हणून गेले. लाजेनंच लांबवलं आणि लाजेनंच नेलं. लांबवलं त्यातला माझा वाटा माझा आहे, तो तुझ्या माथी मारणार नाही. सख्ख्या मुलाला सांगितलं नाही ते मीच ना.

आता एक सांगते, ते नीट वाच. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पानंच्या पानं तुझी लाज आहे. हळदीकुंकू आहे, ओले मोजे आहेत, बाबा आहेत, फळ्यावरचं अक्षर आहे. मी कशी आहे, हे तू एकदाही विचारलेलं नाहीस.

एवढंच. शीण आला.

शुभा

•

शिकागो
२६ फेब्रुवारी

मावशी,

कशा आहात?

शेकानंतर जेवण जातं का? काय खावंसं वाटतं? रात्री झोप लागते का, की दुखतं? कुठे दुखतं? रक्त थांबलं का? रिक्षात सोबत कोण असतं? श्रीरंगमामांना सगळं सांगता येतं, की तिथेही काही राहून जातं? ते डॉक्टरीणबाईंना सांगता का? यतीनदादांना काही कळवायचं असेल आणि तुम्हाला जड जात असेल, तर मी नेपरव्हिलला जाऊन सांगेन. भीती वाटते का?

रुहीनं विचारायला सांगितलंय, शेक अजून किती दिवस. मी हे पत्र लिहिताना ती इथेच बसली आहे. 'शेक' हा शब्द तिला येत नव्हता, मला त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते येत नव्हतं. तिनं सांगितलं, "रेडिएशन."

यातल्या जेवढ्यांची उत्तरं द्यावीशी वाटतील तेवढीच द्या. आणि मी विचारायला विसरले असेन तेही सांगा. वाट बघते.

नेत्रा